पोराला आल्टुवेची जर्सी परत घ्यावी का? (आणि एकूणच आपल्या टीमच्या बदनाम लोकांचं काय करायचं)

कॅटीकर

नमस्कार मंडळी. इथे क्रिकेटचे धागे ढिगाने पडतात, बेसबॉलचा आधी कुणी काढला असेल तर सांभाळून घ्या. विषय तसा फुटकळ आहे पण घरात तीन दिवस त्यावरून धुसफूस चाललीय म्हणून विचारतो.

आम्ही ह्यूस्टनच्या बाहेर कॅटीला राहतो, बरीच वर्षं झाली. मुलगा पंधरा वर्षांचा, शाळेच्या टीमात कॅचर आहे. त्याच्याकडे इथल्या बेसबॉल टीमची म्हणजे अ‍ॅस्ट्रोजची होजे आल्टुवेवाली २७ नंबरची केशरी जर्सी होती, ती खांद्यात काचायला लागली म्हणून आता बहीण घालते. वाढदिवसाला नवी हवीय, आणि परत आल्टुवेचीच. मी म्हटलं घे की. बायको म्हणाली या घरात त्या टीमची आणखी एक जर्सी येणार नाही. एवढंच, पुढे बोललीच नाही, भांडी लावायला निघून गेली.

मला वाटतं तिच्या डोक्यात तो जुना प्रसंग असणार. तीनेक वर्षांपूर्वी नातेवाइकांकडे दुसऱ्या एका शहरात गेलो होतो, नाव घेत नाही, तिथे अ‍ॅस्ट्रोजची मॅच होती म्हणून गेलो. पोराच्या अंगात जर्सी. पायऱ्या चढतोय तर मागचा एक माणूस, माझ्याच वयाचा, बऱ्या घरचा दिसत होता, त्याने पॉपकॉर्नची रिकामी बादली उलटी धरली आणि पोराच्या कानाशी नेऊन तळहाताने धप धप धप वाजवायला लागला. आजूबाजूची सगळी रांग हसली. पोरगं बारा वर्षांचं. बसल्यावर त्याने बॅगेतनं हुडी काढली आणि चेन गळ्यापर्यंत ओढून नऊच्या नऊ इनिंग तसाच बसला, जुलैत. २०१७ साली हे ध्यान पहिलीत होतं हो! त्याने काय कुणाचे सिग्नल चोरले?

पण मग रात्री मलाच वाटायला लागलं की त्या माणसाचं तरी काय चुकलं. तुम्हाला काय वाटतं? आपली टीम चोर निघाली तर फॅनने काय करायचं असतं?

पाषाणकर_नंदू

वाचतोय. पण ते धप धप प्रकरण जरा इस्कटून सांगा ना भाऊ, आम्हाला बेसबॉल म्हणजे चड्डीतलं क्रिकेट एवढंच माहीत. (दिवा घ्या)

कॅटीकर

@नंदू, चड्डी नाही, फुलपँट असते :)

हे बघा, कॅचर असतो तो आपला विकेटकीपर समजा, तो बॅटरच्या मागे उकिडवा बसतो आणि मांड्यांच्या मध्ये बोटं दाखवून पिचरला (म्हणजे बोलरला) सांगायचा पुढचा बॉल कुठला टाक (मोठ्या लीगमध्ये २०२२ पासून बहुतेक यंत्राने सांगतात). एक बोट म्हणजे फास्टबॉल, दोन म्हणजे कर्व्ह वगैरे. बॅटरला ते दिसायचं नाही. तिथला फास्टबॉल ताशी ९५ मैलाने येतो, त्यामुळे बॅट फिरवायचा निर्णय अर्ध्या सेकंदाच्या आत. पुढचा बॉल कुठला हे आधी कळलं तर अर्धी लढाई तिथेच संपली.

सेकंड बेसवर (पिचरच्या मागे, कॅचरच्या समोर) उभ्या असलेल्या रनरने नुसत्या डोळ्यांनी बोटं वाचली तर ते चालतं, ती चलाखी फार जुनी आहे. पण अ‍ॅस्ट्रोजने २०१७ मध्ये घरच्या मैदानावर सेंटर फील्डच्या कॅमेऱ्याचं फुटेज डगआउटमागच्या बोळात टीव्हीवर लावलं, तिथे बसून बोटं वाचायची आणि स्लो बॉल येणार असला की शेजारचा कचऱ्याचा ड्रम बडवायचा. आवाज आला नाही तर फास्टबॉल. इतकं गावठी! नासाच्या गावात ड्रम बडवत होते. तेही आमच्याच एका फॅनने नंतर घरी बसून मोजलं, तो त्या सीझनच्या ५८ मॅच बॉल बॉल करत ऐकत बसला आणि ११४३ वेळा ड्रम वाजल्याची नोंद करून सगळा तक्ता लोकांसमोर मांडला. स्वतःच्या टीमविरुद्ध पुरावा गोळा करणाऱ्या त्या माणसाबद्दल मला फार आदर आहे.

रच्याकने, त्याच तक्त्यात आल्टुवेच्या नावावर फक्त २४ ठोके आहेत. नेहमीच्या खेळाडूंत सगळ्यात कमी त्याचेच. आणि सगळ्यात जास्त हुर्यो कुणाची उडते? त्याचीच.

डॉजर_देशपांडे

हे २४ ठोक्यांचं गाणं ह्यूस्टनवाल्यांकडून किती वेळा ऐकायचं हो. बाकीच्यांचे वाजत होते तेव्हा त्याला ऐकू येत नव्हते का? बहिरा होता? टीमचा पुढारी होता तो, एक शब्द बोलला असता तर ड्रम दुसऱ्या दिवशी बाहेर गेला असता.

मी एल.ए.त राहतो, आमची टीम डॉजर्स, २०१७ ची वर्ल्ड सिरीज (म्हणजे सात मॅचची फायनल) तुमच्याशी सातव्या मॅचपर्यंत गेली आणि आम्ही हरलो. पाचवी मॅच ह्यूस्टनला, आमचा क्लेटन कर्शॉ बॉल टाकतोय, चार रनची आघाडी, आणि ती मॅच आम्ही १३-१२ ने घालवली. त्या रात्री कर्शॉला काय काय बोललो मी, ऑक्टोबरमध्ये हा गळपटतोच, मोठ्या मॅचचा माणूस नाही, सगळं. दोन वर्षांनी कळतं की समोरच्याच्या बोळात टीव्ही होता. त्या मॅचला वापरला की नाही ते खेळाडू एकेक वेगळं सांगतात, पण माझी झोप गेली ती गेलीच.

आणि शिक्षा काय? मॅनेजर आणि जनरल मॅनेजरला एकेक वर्षाची बंदी, मालकाने दोघांना काढून टाकलं, ५० लाख डॉलर दंड, नवे खेळाडू निवडायचे काही हक्क (ड्राफ्ट पिक्स) गेले. खेळाडूंना? शून्य. खरं बोललात तर शिक्षा नाही असं आधीच ठरवलेलं. ट्रॉफी कपाटात तशीच. अंगठ्या बोटात तशाच. म्हणजे खेळाडूंना मिळालेली एकुलती एक शिक्षा म्हणजे आमची हुर्यो. ती पण २०२० मध्ये मिळाली नाही कारण करोनामुळे स्टेडियम रिकामी! २०२१ ला अनाहाइममध्ये लोकांनी फुगवायचे कचऱ्याचे डबे मैदानात फेकले तेव्हा मी टीव्हीसमोर उभा राहून टाळ्या वाजवल्या. तुमच्या मुलाशी वागला तो माणूस हलकटच, लहान पोरांना सोडा. पण आल्टुवेची हुर्यो मी तो रिटायर होईस्तोवर करणार.

कॅटीकर

देशपांडे, मान्य, बरंचसं मान्य. पण एल.ए.वाल्यांनी फार सोवळं नेसू नये. सातव्या मॅचला तुमचा पिचर दारविश दोन इनिंगसुद्धा टिकला नाही तर तुम्ही लोकांनीच त्याची वाट लावली होती ना, प्रकरण बाहेर आल्यावर मग त्याची माफी मागत फिरलात. आणि पिचर ट्रेव्हर बावरला १० कोटी २० लाख डॉलर कुणी दिले होते? साइन करताना तो नेटवर बायांच्या मागे लागतो वगैरे आरडाओरडा तेव्हाच झाला होता.

डॉजर_देशपांडे

बावरवर एका बाईने केलेले आरोप बाहेर आल्यावर तो परत आमच्याकडून एक बॉल टाकू शकला नाही. सरकारी वकिलाने खटला भरला नाही, तो स्वतः सगळे आरोप नाकारतो, हे सगळं मान्य. लीगने ३२४ मॅचची बंदी घातली, ती अपिलात १९४ वर आली, आणि बंदी उठल्यावर आमच्या टीमने जानेवारी २०२३ मध्ये त्याला पैसे देऊन घरी पाठवलं. मग जपानात गेला, मेक्सिकोत गेला. तुमची टीम असती तर?

बे_एरियाची_सुमेधा

मी मध्ये पडते कारण या विषयात आम्हा सॅन फ्रान्सिस्को जायंट्सवाल्यांनी पीएचडी केलीय.

बॅरी बाँड्स. ७६२ होमरन (आपला छक्का समजा), एका सीझनमध्ये ७३. बाकी सगळ्या अमेरिकेत तो स्टेरॉइड्स घेतल्याच्या संशयामुळे खलनायक, २००६ ला सॅन डिएगोत तर कुणीतरी त्याच्या दिशेने इंजेक्शनची सिरिंज फेकली होती मैदानात (सुई नव्हती नशिबाने). आणि आमच्याकडे तो बॅटिंगला आला की अख्खं स्टेडियम उभं. ७ ऑगस्ट २००७ ला त्याने ७५६ वा मारला, हँक अ‍ॅरनचा रेकॉर्ड मोडला, त्या दिवशी मी वरच्या डेकवर होते, नवऱ्याच्या ऑफिसची तिकिटं, अमेरिकेत येऊन जेमतेम दीड वर्ष झालेलं, नियम पण धड कळत नव्हते, पण बॉल उजवीकडच्या-मधल्या भिंतीपलीकडे गेला आणि शेजारची एक म्हातारी चिनी बाई मला मिठी मारून रडली. मग मोठ्या पडद्यावर हँक अ‍ॅरनचा अभिनंदनाचा व्हिडिओ लागला. त्या माणसाने ७४ साली बेब रूथचा रेकॉर्ड मोडताना काळा म्हणून खुनाच्या धमक्यांची पोतीच्या पोती पत्रं झेलली होती, हे मला नंतर कळलं.

तर तो ७५६ वा बॉल एका फॅशनवाल्याने साडेसात लाखाच्या वर डॉलर मोजून घेतला आणि लोकांचं मत घेतलं की ह्याचं काय करू, लोक म्हणाले त्यावर चांदणी कोरा आणि कूपर्सटाउनच्या बेसबॉल हॉल ऑफ फेमला पाठवा. चांदणी म्हणजे "अटी लागू". तो तसाच चांदणी कोरलेला कूपर्सटाउनला गेलाय. बॉल पोचला, बाँड्स नाही. २०२२ ला शेवटची संधी होती, ७५ टक्के मतं लागतात, ६६ मिळाली.

आता माझं मत. त्याने घेतलं असणार, मला काही शंका नाही. पण १९९८ ला मार्क मॅग्वायरने ७० मारले तेव्हा त्याच्या लॉकरमध्ये तसल्या औषधाची बाटली दिसली होती तरी देशाने त्याला डोक्यावर घेतलं, आणि ते लिहिणाऱ्या पत्रकारालाच लोकांनी झोडपलं. लीगने शिक्षेसकट चाचण्या २००४ ला सुरू केल्या, म्हणजे तोवर सगळ्यांनी डोळे मिटून दूध प्यायलं. मग एकट्या तुसड्या बाँड्सलाच चांदणी का? असं मी म्हणते. आणि मग स्वतःलाच विचारते की तो डॉजर्सचा असता तर म्हणाले असते का. नसते म्हणाले. चांदणी मीच कोरली असती.

डॉजर_देशपांडे

शेवटच्या दोन वाक्यांसाठी +१००. जायंट्सवाल्यांकडून एवढा प्रामाणिकपणा अपेक्षित नव्हता, खिक्.

सिनसिनाटीचा_सदा

आमच्याकडे पीट रोझ. ४२५६ हिट्स, आजवर कुणाच्याही जास्त. मॅनेजर असताना आपल्याच टीमच्या मॅचवर पैसे लावायचा, १९८९ ला आजन्म बंदी, पंधरा वर्षं "मी नाही त्यातला" म्हणत राहिला आणि २००४ ला कबूल केलं. सप्टेंबर २०२४ ला गेला. मे २०२५ ला लीगने जाहीर केलं की माणूस मेला की बंदी संपली. म्हणजे आजन्म शब्दशः! दुसऱ्याच दिवशी आमच्या स्टेडियममध्ये त्याच्या नावाची रात्र होती, आधीच ठरलेली.

माझ्या ऑफिसातले जुने लोक अजून म्हणतात की तो जिंकण्यावरच पैसे लावायचा, हरण्यावर नाही, मग बिघडलं काय. बिघडलं हे की ज्या दिवशी तो पैसे लावत नव्हता त्या दिवशी बुकीला काय समजायचं ते समजत होतं. असो. त्याच्यावर एका अल्पवयीन मुलीचं प्रकरण पण होतं, २०१७ ला तिचं शपथपत्र कोर्टात आलं. त्यावर ऑफिसात कुणी बोलत नाही. जुगारावर तासभर बोलतील.

हिंगणघाटकर

आपल्याकडे वेगळं काय आहे. चेन्नईवर सुप्रीम कोर्टाने नेमलेल्या लोढा समितीने दोन वर्षं बंदी घातली, २०१८ ला परत आले, कावेरीच्या आंदोलनामुळे त्यांच्या मॅच पुण्याला हलवल्या तर चेन्नईहून अख्खी रेल्वेगाडी भरून लोक गहुंज्याला आले पिवळे शर्ट घालून. अझरुद्दीनवर फिक्सिंगची बंदी आणि २००९ ला खासदार. पब्लिकला फक्त आपला माणूस पाहिजे. धागा छान, पुभाप्र.

पाषाणकर_नंदू

त्या पिवळ्या गर्दीत मी पण होतो. बोलत नाही मग.

रेखा_शिकागो

बराच वेळ नुसती वाचत होते. धागाकर्त्यांना एक विचारते, रागावू नका.

२०१६ ला आमच्या शिकागो कब्जने अ‍ॅरोल्डिस चॅपमनला घेतलं. ताशी १०० मैलाच्या वर टाकणारा क्लोजर, म्हणजे शेवटच्या इनिंगचा पिचर. त्याच वर्षी घरगुती हिंसाचाराच्या नव्या धोरणाखाली पहिली बंदी त्याच्यावर आलेली, ३० मॅच, कारण गर्लफ्रेंडशी भांडण झाल्यावर त्याने गॅरेजमध्ये आठ गोळ्या झाडल्या होत्या. तिने गळा दाबल्याचं पोलिसांना सांगितलं, तो नाही म्हणाला, खटला उभा राहिला नाही. आणि कब्ज १०८ वर्षं जिंकले नव्हते. १०८! माझे सासरे गोरे आहेत, शिकागोत जन्मले, त्यांचे वडील वाट बघत बघत गेले. तर वर्ल्ड सिरीजच्या सातव्या मॅचला चॅपमन बॉल टाकतोय आणि मी सोफ्यावर सासऱ्यांचा हात धरून बसलेय, मनात काय म्हणतेय, देवा याला आऊट काढू दे. मी. मी जी तीन वर्षं इथल्या देशी बायकांच्या हेल्पलाइनवर रात्रपाळी केलीय. आठव्या इनिंगमध्ये त्याने बरोबरीचा होमरन खाल्ला तेव्हा पोटात गोळा आला आणि त्याच वेळी कुठेतरी बरं पण वाटलं, आणि त्या बरं वाटण्याची पण लाज वाटली. शेवटी जिंकलो. सासरे रडले. मी पण.

त्या सीझनमध्ये कब्जच्या एका बाईने ठरवलं की चॅपमनने मॅच वाचवली की दर वेळी १० डॉलर घरगुती हिंसाचाराच्या केसेस लढणाऱ्या संस्थेला द्यायचे. खूप लोक सामील झाले, मी पण दिले. आता वाटतं ते पापक्षालनाचं कुपन होतं. पण त्या संस्थेला पैसे पोचले हे खरं आहे, त्यामुळे फार नावं पण ठेववत नाहीत.

तर माझा प्रश्न. कॅटीकर, तुम्ही ड्रमबद्दल एवढं सविस्तर लिहिलंत, ११४३ आकडा तोंडपाठ आहे. रॉबर्टो ओसुनाबद्दल एक ओळ नाही. का?

अटलांटाकाकू

रेखा, अगदी. आमचा मार्सेल ओझुना बघ (हा वेगळा, बॅटर). २०२१ ला बायकोच्या प्रकरणात अटक, २० मॅचची बंदी. परत आला, पुढच्या वर्षी दारू पिऊन गाडी चालवताना पकडला. तेव्हा आमच्याच स्टेडियममध्ये त्याची हुर्यो झाली, मला जरा बरं वाटलं की चला लोकांना काहीतरी आहे. मग २०२३ ला त्याने ४० होमरन मारले. झालं. सगळे टाळ्या. बॅटिंग गंडलेली होती तोवर नीतिमत्ता होती.

कॅटीकर

रेखाताई, प्रश्न बरोबर जागी लागला. काल रात्री उत्तर लिहायला बसलो आणि खोडलं.

बाकीच्यांसाठी: ओसुना टोरँटोचा क्लोजर होता, मे २०१८ ला मारहाणीच्या आरोपात अटक, लीगची ७५ मॅचची बंदी. ती चालू असतानाच अ‍ॅस्ट्रोजने त्याला स्वस्तात उचललं. टोरँटोतला गुन्हा नंतर अटी घालून मागे घेतला गेला. ऑक्टोबर २०१९ ला आम्ही यँकीजना हरवून वर्ल्ड सिरीजला गेलो, आणि गंमत बघा, तो शेवटचा होमरन आल्टुवेने मारला चॅपमनलाच (तो तेव्हा यँकीजकडे होता). त्या रात्री लॉकर रूममध्ये आमचा असिस्टंट जनरल मॅनेजर तीन महिला पत्रकारांकडे बघून ओरडत होता की बरं झालं ओसुनाला घेतलं. एकीच्या हातात हिंसाचारविरोधी जांभळा पट्टा होता. बातमी आल्यावर क्लबने आधी सांगितलं की पत्रकाराने खोटं रचलंय. मग चार दिवसांत त्याला काढलं आणि माफी मागितली. ड्रमचं प्रकरण त्यानंतर तीनेक आठवड्यांनी फुटलं.

आता खरं सांगतो. ड्रमने मला इतका त्रास का झाला तर २०१७ च्या ऑगस्टमध्ये हार्वी वादळात आमच्या घरात अडीच फूट पाणी होतं. भिंती चार फुटांपर्यंत कापून काढलेल्या, खाली मोठे पंखे आणि ते हवा सुकवायचं मशीन चोवीस तास घोंघावतंय, आम्ही चौघं वरच्या एका खोलीत, आणि तिथे गादीवर बसून ती वर्ल्ड सिरीज बघितली. सगळं शहर असंच बघत होतं. मिरवणुकीला शाळांना सुट्टी दिली होती. ती ट्रॉफी आमची होती, घराच्या बदल्यात मिळाल्यासारखी. ती खोटी निघाली म्हणून मी चिडलो, माझ्याकडून काहीतरी काढून घेतलं म्हणून. २०२२ ला परत जिंकलो तेव्हा सगळे म्हणाले आता फिटलं, मला तसं वाटलं नाही.

ओसुनाने माझ्याकडून काहीच काढून घेतलं नव्हतं. असं वाटलं असणार मला.

हे लिहून झाल्यावर बायकोला वाचून दाखवलं. म्हटलं तू त्या पॉपकॉर्नवाल्यामुळेच नाही म्हणतेयस ना? ती म्हणाली, पॉपकॉर्नवाला कोण? तिला तो माणूस आठवतच नव्हता. म्हणाली मी २०१९ च्या ऑक्टोबरपासून मॅच बघत नाही, सहा वर्षं झाली, तुझ्या लक्षात आलं नाही? मी मॅच लागली की वरच्या खोलीत जाऊन इस्त्री करते.

मला वाटायचं तिला इस्त्रीची हौस आहे.

बे_एरियाची_सुमेधा

अरे देवा. इस्त्रीची हौस कुणालाच नसते हो.

अटलांटाकाकू

वहिनींना माझा नमस्कार सांगा.

डॉजर_देशपांडे

हुर्यो चालूच राहील पण आज नाही.

रेखा_शिकागो

लिहिलंत ते बरं केलंत. मुलाशी बोललात का यावर?

कॅटीकर

बोललो काल जेवताना. त्याला ओसुना आठवत पण नव्हता, आईने सांगितलं सगळं, मी गप्प बसलो. तो म्हणाला मग यॉर्डन अल्वारेझची घेऊ का, तो २०१९ ला आला, ड्रमच्या वेळी नव्हता. आई म्हणाली ओसुनाच्या वेळी होता ना टीममध्ये. मग तो म्हणाला अगं असं धरलं तर मी कुणाचीच घालू शकत नाही. ती म्हणाली मी पण तेच म्हणतेय. अर्धा तास हेच. शेवटी त्याने उन्हाळ्यात शेजाऱ्यांची कुत्री फिरवून साठवलेल्या स्वतःच्या पैशांनी आल्टुवेचीच मागवली. लार्ज. ती काही बोलली नाही, फक्त म्हणाली स्वतःची स्वतः धुवायची.

शनिवारी आम्ही तिघं जातोय, चार तिकिटं आहेत, तिसऱ्या बेसच्या बाजूला, सावलीतली. ह्यूस्टनमधलं कुणी येणार असेल तर व्यनि करा. जर्सीची सक्ती नाही.